विद्यादंडाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना विद्यादंड आहे, आणि मला विसरण्याची सवय नाही. माणसे विसरतात, म्हणून त्यांना नियम लिहून ठेवावे लागतात. मी गाठीच्या लाकडाचा आहे. अशा लाकडावर चरा पडला की तो कायमचा पडतो.

तुमच्यापैकी काहींनी मला लांबून पाहिले असेल. विद्यापीठाच्या पदवीदानाला झगे घातलेल्या मंडळींच्या पुढे एक माणूस दोन्ही हातांत काहीतरी चकचकीत उभे धरून चालतो. ते चकचकीत म्हणजे मी. माझे अंग काळ्या लाकडाचे, उंची चांगली पुरुषभर, आणि डोक्यावर चांदीचे घुबड. घुबड रात्री जागते आणि विद्यार्थीही जागतात, म्हणून घुबड, असे ठरवणाऱ्यांचे म्हणणे होते. पण ज्या कारागिराने ते घडवले त्याने जन्मात घुबड पाहिले नव्हते. त्याच्या अंगणात कोंबड्या होत्या. त्यामुळे कागदोपत्री मी विद्यादंड असलो तरी विद्यार्थ्यांच्या तोंडी मी पहिल्या दिवसापासून 'कोंबडीचा सोटा' आहे. एकाही पिढीत मला हे नाव चुकलेले नाही. त्यांना मी माफ केले आहे. माझ्या माफीची गोष्ट इथेच संपते.

माझा जन्म भांडणातून झाला. त्या काळी शहराच्या कोतवालाने एका विद्यार्थ्याला पाववाल्याशी झालेल्या बाचाबाचीवरून धरून नेले आणि कुणाला न विचारता फटके मारले. झाले! सगळे शिक्षक आणि सगळे विद्यार्थी गाठोडी बांधून शहर सोडून चालते झाले. वर्ग ओस पडले. पाठोपाठ खोल्या भाड्याने देणारे ओस पडले, खानावळी ओस पडल्या, आणि ज्याने तक्रार केली होती त्या पाववाल्याचे पाव वाळून दगड झाले. शेवटी शहरच राजाकडे रडत गेले. राजा शहाणा होता, निदान कंटाळलेला तरी होता. त्याने विद्यापीठाला सनद दिली: या उंबरठ्याच्या आतली भांडणे विद्यापीठ स्वतः मिटवील, आणि कोतवालाचा हात उंबरठ्यापाशी थांबेल. आता एवढा अधिकार मिळाला तर तो दिसायला नको का? म्हणून मला घडवले.

माझी तरुणपणाची वर्षे न्यायदानात गेली. हो, तेव्हा विद्यापीठाला स्वतःचे न्यायालय होते आणि माळ्यावर स्वतःचा तुरुंगही होता. आरोपीने माझ्यावर हात ठेवायचा आणि आधी त्याने बोलायचे, मग बाकीच्यांनी, अशी पद्धत होती. एकदा एका दिवट्याने वैद्याच्या दारावरची पाटी काढून खाटकाच्या दुकानावर लावली आणि खाटकाची वैद्याच्या दारावर. न्यायाला बसलेल्या गुरुजींनी विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?" तो माझ्या घुबडावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, दोघांचंही गिऱ्हाईक वाढलं." गुरुजी पोट धरून हसले आणि मग त्याला माळ्यावर पाठवले. शिक्षा झाली, पण त्याच्या मनात अढी राहिली नाही. आपले ऐकले गेले, एवढे त्याला कळले होते.

माझे दुसरे काम याहून मोठे होते. विद्यापीठाची सभा, म्हणजे सगळ्या शिक्षकांची बैठक, भरायची तेव्हा दंडधारी मला घेऊन अख्खे आवार ओलांडायचा आणि दर चार पावलांवर मला फरशीवर आपटायचा. ठक्! खिडक्या उघडायच्या. ज्याला यायचे तो मागून यायचा. सभागृहाचे दार सताड उघडे असायचे, आणि मला लांब टेबलावर आडवे ठेवले की सभा भरली असे समजायचे. ही पद्धत उगाच पडली नव्हती. पूर्वी चार धूर्त शिक्षक एकाच्या घरी जेवायला जमले आणि तोंड पुसता पुसता पाचव्याची नोकरी घालवून मोकळे झाले होते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून माझा आवाज कामाला लावला होता. सभागृहाच्या दाराला सुताराने आतून कडीकोयंडा लावलाच नाही. सभेला येणाऱ्याला अडवायचे नसते, मग कडी हवी कशाला? दोन फळ्यांना धरायला लोखंडाच्या दोन रुंद मुठी, एवढेच.

पुढे राजे गेले. देशाची न्यायालये आली आणि विद्यापीठाचे न्यायालय बंद झाले. माळ्यावरच्या तुरुंगात मोडक्या खुर्च्या राहायला गेल्या. मी फार शोक केला नाही. घरच्यांनी घरच्यांचा न्याय करायचा म्हटले की पुतण्याला नेहमी थोडे कमीच भोगावे लागते, हे मी पाहिले होते.

मग विद्यापीठाचा कायदा झाला. त्या वेळी एका वकिलाने सभेत फार छान समजावून सांगितले होते. तो म्हणाला, "आजपासून कायद्याच्या नजरेत विद्यापीठ हा एक माणूस आहे. तो जमीन घेऊ शकतो, करार करू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. फक्त त्याला स्वतःचं तोंड नाही. सभा हेच त्याचं तोंड." आणि ते तोंड कधी उघडले असे मानायचे, याबद्दलचा जुना नियम त्यांनी जसाच्या तसा कायद्यात उचलून ठेवला: विद्यादंड टेबलावर ठेवल्याशिवाय सभा भरली असे मानू नये. नंतर त्या कायद्याला कितीतरी ठिगळे लागली. हे वाक्य मात्र कुणी काढले नाही, कारण कुणी वाचलेच नाही.

मित्रांनो, आता माझ्या सुखाच्या दिवसांबद्दल सांगतो, कारण ते संपणार आहेत.

माझ्या शेवटच्या दंडधाऱ्याला सगळे काका म्हणायचे. सभेच्या आदल्या दिवशी काका मला मांडीवर आडवे घेऊन फ्लॅनेलच्या फडक्याने पुसायचे आणि घुबडाच्या चोचीवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "चला महाराणी, उद्या मिरवायचंय." मी पुल्लिंगी आहे, हे त्यांना कधी सांगता आले नाही. आणि एक बाई होत्या. त्या विद्यापीठांच्या कायद्याचा इतिहास शिकवत. विषय ऐकूनच निम्मी मुले पळायची. उरलेली मात्र त्यांना सोडायची नाहीत. सगळे त्यांना सनदबाई म्हणत. दरवर्षी नवा वर्ग घेऊन त्या माझ्यापाशी यायच्या आणि मला हात लावण्याआधी काकांना विचारायच्या, "काका, लावू का?" एवढ्या वर्षांत असे विचारणारे दुसरे कुणी मला भेटले नाही. बाई आवारातल्याच एका जुन्या घरात वडिलांबरोबर राहत. वडिलांना दिसत नसे, पण त्या घरातली प्रत्येक चौकट त्यांच्या बोटांना पाठ होती. ते घरभर असे चालायचे की पाहुण्यांना शंकासुद्धा यायची नाही.

मग मोठेसाहेब कुलगुरू झाला. सगळे त्याला अहोजाहो करायचे. मी करणार नाही.

पहिल्याच सभेत त्याने मला टेबलावर पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "हा सोटा इथं कशाला? आपण काय नाटक कंपनी आहोत? उचला." त्याच्या उजव्या हाताला कुलसचिव बसायचे. त्यांना होयबा म्हणत. त्यांच्या तोंडून आयुष्यात 'नाही' निघाले नव्हते. होयबांनी मला उचलले आणि दाराशेजारच्या छत्र्यांच्या लोखंडी पिंपात उभे केले. ओल्या छत्र्यांमध्ये! माझ्या अंगावरून पाणी ओघळले. टेबलाभोवती एवढी शिकलेली माणसे बसली होती. एकाने चष्मा पुसला, एकाने घड्याळ पाहिले. काका उभे राहून म्हणाले, "साहेब, नियम आहे तो." मोठेसाहेब म्हणाला, "नियम आम्हाला शिकवू नका. तुम्ही कशाचा पगार घेता? काठी धरायचा?" पुढच्या सभेत दंडधाऱ्याचे पदच रद्द झाले. काका घरी गेले. फडके तेवढे पिंपाच्या कडेला अडकवून गेले.

त्यानंतर माझे काय काय झाले ते ऐका. माझ्या टोकाने पंख्याचे जाळे काढले. अडकलेला पडदा ओढला. कपाटामागे गेलेल्या उंदरावर मला उगारले. उंदीर निसटला, त्याला माझ्या शुभेच्छा. पदवीदानाला मात्र माझी आठवण व्हायची, कारण फोटोत मी बरा दिसतो. एक दिवस पुसायचे आणि वर्षभर पिंपात ठेवायचे. मी सगळे साठवत होतो. कोणी काय केले, कोण हसला, कोण गप्प बसला.

आता खऱ्या गोष्टीला येतो. कुलगुरू निवडायचा अधिकार सभेचा होता. मोठेसाहेबाला तो नको होता. सभेनेच सरकारला कळवावे की आम्हाला निवडणूक नको, आहेत तेच साहेब ते थकेपर्यंत राहोत, असा ठराव त्याने आणला. असली माणसे थकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होते. एकट्या सनदबाई उठल्या. म्हणाल्या, "हा अधिकार आपल्याला कुणी फुकट दिला नाही. त्यासाठी माणसं शहर सोडून गेली होती. तुम्हाला तो द्यायचाच असेल तर निदान हात वर करून द्या, म्हणजे कुणी दिला ते दिसेल." हात वर करायची वेळ आली तशी मंडळी चुळबुळली आणि ठराव बारगळला. मोठेसाहेब हसला. त्याचे हसणे मी पिंपातून पाहिले. तो दात दाखवतो, पण गाल हलत नाहीत.

थोड्याच दिवसांत बाईंवर आरोप ठेवला गेला: विद्यार्थ्यांना विद्यापीठाविरुद्ध भडकवणे. पुरावा काय? तर त्यांनी वर्गात तो शहर सोडून जाण्याचा इतिहास शिकवला होता. सभेत दोषी ठरल्या तर नोकरी जाणार होती, आवारातले घर जाणार होते, आणि शिकवण्याचा परवानाही रद्द होणार होता. मग दुसऱ्या कुठल्या विद्यापीठानेही दारात उभे केले नसते. एकच गोष्ट त्यांच्या हातात होती: आरोपीला सभेत येऊन बोलण्याचा हक्क होता. आणि बाई बोलायला लागल्या की काय होते, हे मोठेसाहेबाने नुकतेच पाहिले होते.

सभेचा दिवस उजाडला. आवारात ठक् झाले नाही. मंडळी एकेक करून आत आली आणि खाली बघत बसली. मोठेसाहेब म्हणाला, "दार लावून घ्या."

होयबा म्हणाले, "हो साहेब." मग दाराकडे गेले आणि थबकले. "साहेब, या दाराला आतून कडीच नाही."

"मग अडकवा काहीतरी त्या मुठींत!"

होयबांनी पिंपातली एक छत्री काढून पाहिली. आखूड पडली. दुसरी काढली. तीही आखूड. वैतागून ते म्हणाले, "छत्र्या पुरत नाहीत हो!" तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. "साहेब, हा चालेल?"

मोठेसाहेब म्हणाला, "चालेल काय, धावेल!"

दोघे-तिघे हसले. ते कोण, मला माहीत आहे. मला दोन्ही लोखंडी मुठींतून आडवे सारले, पार घुबडाच्या मानेपर्यंत. दार सताड उघडे राहावे म्हणून ज्याला घडवले, तो मी त्याच दाराचा अडसर झालो.

बाई आल्या. त्यांनी दार ढकलले. पुन्हा ढकलले, या वेळी खांदा लावून. लोखंडी मूठ माझ्या चांदीत रुतली आणि घुबडाची चोच वाकली. कळ मस्तकात गेली, पण मी मोडलो नाही. खरे सांगतो, त्या दिवशी मोडता आले असते तर मी सुखाने मोडलो असतो. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट पडली. फटीत बाईंचा डोळा होता. त्याने आधी आतली माणसे पाहिली, फरशीवर टाकलेल्या दोन छत्र्या पाहिल्या, मग मला पाहिले. माझ्या वाकड्या चोचीवर तो थांबला. बराच वेळ.

बाईंचा आवाज एकदम शांत झाला. "साहेब, मला बोलायचंय. माझा हक्क आहे. दार उघडता?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की!"

"बरं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं ना?"

दोघांनी चष्मे पुसले. पावले दूर गेली. मग चहा आला, बाईंना काढून टाकण्याचा ठराव झाला, आणि बाजूलाच पडलेला तो निवडणूक बंद करण्याचा ठरावही हातासरशी झाला. सगळे उठल्यावर मला मुठींतून उपसून पिंपात फेकले. त्या पिंपात, ओल्या छत्र्यांच्या संगतीत, मी शपथ घेतली. देवाची घेतली नाही, कारण देव क्षमाशील असतो म्हणतात.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. पण बाई त्या वेळी शहाण्या नव्हत्या, संतापलेल्या होत्या. त्यांनी घर रिकामे केले, गल्लीतल्या एका खोलीत बिऱ्हाड हलवले आणि स्वतःच खटला लढायला उभ्या राहिल्या. तारखा पडत गेल्या. अखेर कोर्टाने मला पुरावा म्हणून बोलावले. होयबांनी मला कपड्यात गुंडाळून नेले. तिथे वऱ्हांड्यात काका भेटले. त्यांनी कपडा बाजूला केला, चोचीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला माझे दुखणे विसरायला झाले. बाई शेजारी बसल्या होत्या. काकांनी विचारले, "वडील कसे आहेत?"

"कपाळावर टेंगूळ आहे," बाई म्हणाल्या. "नव्या खोलीची चौकट बुटकी. रोज आपटतात आणि रोज म्हणतात, 'अगं, हे दार कुणी हलवलं?'" मग म्हणाल्या, "काका, मी त्या माणसाला सोडणार नाही."

त्या वाक्याने मला जे बरे वाटले ते कुठल्या पॉलिशने कधी वाटले नव्हते.

मोठेसाहेबाने शपथेवर सांगितले, "सभा रीतसर भरली. दंड नेहमीसारखा टेबलावर होता. बाई दारापर्यंत आल्या आणि आरडाओरडा करून निघून गेल्या." त्याच्या वकिलाने हसत हसत विचारले, "एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा कारभार एका काठीवर लटकवायचा का?" मग न्यायाधीशीणबाईंनी सनदबाईंना विचारले, "तुमचे साक्षीदार?"

"एकच," बाई म्हणाल्या. "कुलसचिव."

काका कुजबुजले, "अहो, तो साहेबांचा माणूस!" बाई हळूच म्हणाल्या, "म्हणूनच. खोटं बोलायला ते सगळेच तयार आहेत, काका. पण नाही म्हणायला होयबा तयार नाहीत."

होयबा उभे राहिले. बाईंनी फार गोड आवाजात सुरुवात केली.

"कुलसचिव साहेब, त्या दिवशी दंड टेबलावर होता?"

"हो."

"अगदी नियमाप्रमाणे?"

"हो, हो."

"सभेत शांतता राहावी म्हणून दार लावून घेतलं, तेही बरोबरच होतं?"

"हो. शांतता नको का?"

"आणि त्या दाराला कडी नाही. तुमची किती पंचाईत झाली असेल!"

"हो ना!"

"छत्र्याही पुरल्या नाहीत."

"हो ना हो, दोन्ही आखूड!" इतक्या दिवसांत होयबांची अडचण कुणीतरी समजून घेत होते. त्यांचा चेहरा खुलला.

बाईंनी माझ्याकडे बोट केले. "मग हा अडकवलात."

"हो."

मोठेसाहेबाने डोळे मिटले. न्यायाधीशीणबाईंनी चष्मा काढला. "एक मिनिट. हा दंड टेबलावर होता का दारात होता?"

"हो," होयबा म्हणाले.

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशीणबाईंनी हात वर केला आणि विचारले, "दोन्हीकडे? एकाच वेळी?"

होयबांनी मोठेसाहेबाकडे पाहिले. मोठेसाहेबाचे डोळे मिटलेलेच होते. होयबांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रश्न होता ज्याचे उत्तर 'हो' नव्हते, आणि दुसरे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. नंतर कोर्टाचा माणूस सभागृहाचे दार पाहून आला. मुठीच्या लोखंडावर माझ्या चांदीचा ओरखडा अजून होता.

निकाल थोडक्यात होता. न्यायाधीशीणबाई म्हणाल्या, "ही काठी शोभेची नाही. सभा आहे, या, असं सगळ्यांना सांगण्यासाठी ती आहे. तिनंच दार बंद केलं. त्या दिवशी सभा भरलीच नाही. काही माणसं चहा प्यायला जमली होती, एवढंच म्हणता येईल." बाईंना काढल्याचा ठराव गेला. निवडणूक बंद करण्याचाही गेला. बाई घरी परतल्या, आणि मी ऐकले की वडिलांनी उंबरठ्यावर पाय ठेवताच दोन्ही हात चौकटीवर ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

तुम्हाला वाटेल, सूड संपला. छे! तो आता कुठे सुरू झाला होता.

मोठेसाहेबाला पदावरून काढण्यासाठी सभा बोलावली गेली. काकांना परत बोलावले होते. त्यांचे गुडघे गेले होते, पण त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही. टेबलाभोवती तीच माणसे बसली होती. त्या दिवशी खाली बघणारी तोंडे आज वर होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. "त्याला आत घेऊ नका!" "त्याचं काय ऐकायचंय?" मोठेसाहेब बाहेर वऱ्हांड्यात एकटा उभा होता. आणि मित्रांनो, मीही त्यांच्यासारखाच ओरडत होतो, मनातल्या मनात. मला पुन्हा अडकवा! या वेळी मी खुशीने अडकेन, चोच तुटून पडली तरी चालेल. त्याला दार ढकलू द्या. त्याच्या खांद्याला कळू द्या.

अध्यक्षस्थानी सभेने सनदबाईंना बसवले होते. त्या म्हणाल्या, "ते आत येतील. हवं तेवढा वेळ बोलतील. मग मत घेऊ."

मघाशी सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा उसळला, "त्यांनी तुमचं ऐकलं होतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मी आज परत इथं बसलेय. कोर्टानं उद्या त्यांनाही असंच परत आणून बसवावं असं तुम्हाला वाटतं का?"

तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी त्याला माफ केले नव्हते. त्या माझ्याहून खुनशी होत्या, फक्त त्यांना कायदा येत होता.

मोठेसाहेब आत आला. रीतीप्रमाणे त्याला माझ्यावर हात ठेवावा लागला. पंजा नेमका वाकड्या चोचीवर पडला आणि ती त्याला टोचली. मी काही केले नाही. मी नुसता होतो तसा होतो. तो बोलू लागला. दोष होयबांचा होता. दोष काकांचा होता, सुताराचा होता, पावसाचा होता, कारण पावसामुळे छत्र्या होत्या. कुणी मध्ये बोलले नाही. बाई दर वेळी विचारत होत्या, "आणखी काही?" आणि तो आणखी काही सांगत होता. शेवटी त्याच्याजवळचे सगळे शब्द संपले आणि तो तसाच उभा राहिला, तळहाताला घाम, चोच तळहातात. मला फार बरे वाटले. लाज वाटायला हवी होती म्हणता? नाही वाटली.

हात वर झाले. तो गेला.

पुढे तोही कोर्टात गेला, त्याच न्यायाधीशीणबाईंपुढे. त्यांनी त्याला एवढेच विचारले, "सभेनं तुमचं ऐकून घेतलं होतं?"

त्याला म्हणावे लागले, "हो."

"मग?"

त्याचा परतीचा रस्ता कायमचा बंद झाला, आणि तोही दार उघडे ठेवून.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू विनवणी करते, तसा रिवाज आहे. मी करणार नाही. मला रोज पुसा, काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. काका चोच सरळ करून घेऊ म्हणाले तेव्हा बाईंनी नको म्हटले, आणि मलाही ती तशीच हवी आहे. मोठेसाहेबाचा हिशेब मिटला. पण त्या दिवशी टेबलाभोवती बसून चष्मे पुसणाऱ्यांचा मिटलेला नाही. बाईंना काढायला जे हात वर झाले होते, तेच त्याला काढायलाही झाले. मी मोजून घेतले आहेत.

तुमच्यापैकी कुणीतरी उद्या अशाच एखाद्या टेबलाशी बसेल. बाहेरून कुणीतरी दार ढकलत असेल आणि आत सगळे गप्प असतील. तेव्हा शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका. उठा आणि दार उघडा. नाही उठलात तरी माझी हरकत नाही. मी समोरच असेन, आणि तुम्ही कुठल्या खुर्चीत बसला होतात ते मी लक्षात ठेवीन.